बोअरमध्ये अडकलेला दगड

ते प्रकरण कागदावर एका दिवसात मिटले. माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

नव्वदच्या दशकातला मे महिना. जोतिबाच्या रस्त्याला नवी वसाहत उभी राहत होती. तिथल्या एका घरमालकाने सकाळी आमच्या पोलीस ठाण्यात येऊन तक्रार दिली. दोन दिवसांपूर्वी त्याने अंगणात बोअर मारली होती, पाणी भरपूर लागले होते. आज मोटर सोडताना ती तीस फुटांवर अडली. कोणीतरी आत दगड टाकले होते.

"वैर कुणाशी?" मी विचारले.

त्याने शेजाऱ्याकडे बोट दाखवले. बोअरमुळे आपली विहीर आटेल म्हणून शेजारी त्याच्याशी भांडला होता. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानेही हवालदाराला खबर दिली, की शेजारी काल बोअरवर वाकून बघत होता. स्टेशन डायरीत नोंद करून दहा वाजता त्याला ठाण्यात आणले.

"गेलतो की साहेब. पाणी किती लागलंय बघाय गेलतो."

"भांडलात ना पण?"

"भांडलो व्हय. भांडणारा दगड टाकतोय म्हंटल्यावर आख्खं कोल्हापूर आत घाला."

हवालदार हसला. शेजारी हसला नाही.

"चार वाजता पोरीला बघाय पावणं येणार हायत. तेवढं सोडा, परत येऊन बसतो."

मी सोडले नाही. कबुली जवळ आली की माणूस घरचे काम काढतो, असा माझा अनुभव होता. तो बाकावरून घड्याळाकडे बघत राहिला. माझेही फायलीत लक्ष लागेना. तीनला पंचनाम्यासाठी निघालो.

मोटर बसवणाऱ्या मिस्त्रीने आरसा धरून उन्हाचा झोत बोअरमध्ये सोडला. वरचा लोखंडी पाईप संपतो, तिथे भोक अरुंद होते. नेमका तिथे एक गोल दगड अडकला होता. त्याला हळदकुंकू लावलेले होते.

घरमालकाची आई दारात उभी होती.

"आजी, हे काय?"

"साती आसरांचं दगड हायत त्ये. पाणी लागलं की सात दगड पुजायचं, आन् पाण्यात सोडायचं. म्हायेरच्या हिरीत असंच सोडलेलं की."

"सकाळपासून बोलला का नाहीत?"

"पोलीस बघून जीभच उचलंना, बाबा."

विहिरीचा रिवाज तिने साडेसहा इंचांच्या बोअरमध्ये पाळला होता.

त्याच वेळी ठाण्यात फोन करता आला असता. मी आधी तिचा जबाब लिहायला घेतला. लिहीत असतानाच शेजारच्या दारात पाहुणे आले. त्यांनी जीप पाहिली, गल्लीत चौकशी केली आणि चहा न घेता परत गेले.

ठाण्यात येऊन शेजाऱ्याला सगळे सांगितले. चूक झाली, असेही म्हणालो. जीपने सोडतो म्हटले.

"जीप नको साहेब. सकाळी बघितलंय लोकांनी." चपला घालून तो चालत निघाला.

त्या दिवशी मी आधी माणूस आणला आणि मग जागा पाहिली. पुढच्या नोकरीत हा क्रम उलटा ठेवला. त्या मुलीला त्याचा काही उपयोग नव्हता.