पाचवी फेरी

मार्करकाका बिलियर्डच्या टेबलाला कधी तळहात लावत नसत. बोटांची उलटी बाजू हिरव्या कापडावरून हलकेच फिरवायचे, लेकराच्या कपाळाचा ताप बघावा तशी. पहिल्याच दिवशी मी कारण विचारलं. म्हणाले, "तळवा आपलाच घाम टेबलाले लावते साहेब, अन् मंग सांगते का टेबल ओलं हाये. त्याच्यावर भरोसा ठेवू नका."

जबलपूरच्या मराठी घरांतून ज्यांचं क्लबात जाणं-येणं होतं, त्यांनी त्यांना पाहिलं असेलच. पांढरा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, खिशात निळ्या खडूचा तुकडा. मार्कर म्हणजे खेळणाऱ्यांचे गुण मांडणारा, क्यूच्या काठ्या जागच्या जागी लावणारा आणि टेबलं राखणारा माणूस. नोकरीतून ते कधीच निवृत्त झाले होते, पण क्लबाची दोन जुनी टेबलं दुसऱ्या कुणाच्या हाताला वळत नसत. म्हणून कमिटी दरवर्षी त्यांना आणखी एका वर्षाचं पत्र द्यायची. ते पत्र घडी घालून ते डब्याच्या पिशवीत ठेवत. मुलगा खमरियाच्या फॅक्टरीत, राहणं त्याच्याच क्वार्टरमध्ये. "पोराच्या घरी मी म्हातारा हावो," असं एकदा सहज म्हणाले होते. "बस पकडली का मार्कर होतो."

माझं टेबल भेडाघाट रस्त्यावरच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधलं. घर बांधलं तेव्हा वरची खोली मी त्याच्यासाठीच मोठी ठेवली. नागपूरला कॉलेजात असताना पूल खेळण्यात जेवढा वेळ घालवला तेवढा अभ्यासात घालवला नव्हता, आणि नोकरीनिमित्त जबलपूरला आल्यापासून हात शिवशिवत होता. क्लबाच्या सेक्रेटरींशी कामामुळे ओळख झाली. त्यांना एकदा टेबल दाखवायला घरी आणलं. त्यांनी एक बॉल मारला, तो अर्ध्यात थांबला. "भाई साहब, ये टेबल है कि खेत? बॉल चलती नहीं, हल जोतती है." मग हसत म्हणाले, "हमारे मार्कर को भेज देता हूँ. आपका ही मराठी आदमी है."

असे मार्करकाका आमच्याकडे आले. आठवड्यातून दोन सकाळी यायचे. टेबल जलद करायचं म्हणजे कापड बदलायचं, अशी माझी समजूत. त्यांनी पहिला दिवस नुसते बॉल धुण्यात घालवला. कोमट पाणी, साधा साबण, मग एकेक बॉल जुन्या धोतराच्या फडक्यात घोळवून कोरडा. "मळका बॉल धावत नाही, लोळते," म्हणाले. दुसऱ्या खेपेला लेव्हलची नळी घेऊन चारही पायांखाली पातळ पट्ट्या सरकवत बसले. तिसऱ्या खेपेला कडांचे बोल्ट आवळले. मी घाई केली की एवढंच म्हणत, "अच्छा, आता तुम्ही खाली जा. वहिनी वाट पाहून राहिल्या."

त्यांचं मोजमापही त्यांचंच होतं. बॉल एका टोकाकडून जोरात मारायचा आणि तो लांबीच्या किती फेऱ्या मारून थांबतो ते बघायचं. चालता बॉल ते हाताने कधी अडवत नसत. तो आपणहून थांबेपर्यंत बोलतही नसत. सुरुवातीला माझ्या टेबलावर जेमतेम तीन फेऱ्या व्हायच्या. जाड कापड काढून त्यांनी पातळ, बिनकेसाचं कापड ओढून ताणून बसवलं, तेव्हा चार झाल्या. क्लबात पाच होतात हे मला माहीत होतं.

कापड काढल्यावर खाली स्लेटच्या पाटीऐवजी संगमरवर निघाला. रिसॉर्टवाल्याने जवळच मिळतो म्हणून भेडाघाटचा दगड कापून बसवला होता. मार्करकाका बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. "देवळात शोभला असता," म्हणाले. "हा दगड थंडा राहते साहेब. पावसाळ्यात याले घाम येईन. तवा चारच्या वर मागू नका."

तसंच झालं. ऑगस्टमध्ये कापड आतून ओलसर झालं आणि बॉल साडेतीनवर घसरले. नेमक्या त्याच महिन्यात सेक्रेटरी आणि कमिटीतले दोघे रविवारी आमच्याकडे जेवायला आणि खेळायला येणार होते. क्लबाच्या मेंबरशिपसाठी माझा अर्ज तीन वर्षं पडून होता. त्यांच्यासमोर माझं टेबल पुन्हा शेत ठरू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. गुरुवारी मी मार्करकाकांना बोलावलं. त्यांनी टेबलाखाली दोन बल्ब टांगले. "आठ दिवस द्या. सावकाश सुकू द्या."

"आठ दिवस कुठले? रविवारी माणसं येणार आहेत. क्लबात तुम्ही इस्त्री फिरवता ना? इथेही फिरवा."

"ते केसाळ लोकरीचं कापड हाये, अन् त्याची इस्त्री वेगळी. हे नायलॉन मिसळलेलं, खाली थंडा दगड. इथं इस्त्रीचं नाव काढू नका." मग समजूत घातल्यासारखे म्हणाले, "काहून घाबरता? साडेतीनमध्ये पण माणूस चांगला खेळू शकते."

शनिवारी दुपारी मी घरातली कपड्यांची इस्त्री वर नेली. सुरुवातीला बरं वाटलं. वाफ निघत होती, कापड कोरडं लागत होतं. एका बाजूला बॉल मारून पाहिला, चांगला गेला. मग मी इस्त्री आणखी गरम केली. मधोमध कापड आधी चकाकलं, मग आक्रसलं, आणि मी हात उचलेपर्यंत तिथे इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग पडला होता. वास खालपर्यंत गेला. बायको वर आली, डागाकडे आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, काकांना फोन करून सांगा तरी." मी केला नाही.

रविवारी मार्करकाका सगळ्यांच्या आधी आले. बॉल लावायला या, असं सेक्रेटरींनीच त्यांना सांगितलं होतं. मी त्यांना खालीच चहा दिला आणि हवापाण्याचं बोलत राहिलो. पाहुणे आल्यावर सगळे एकदमच वर गेलो. सेक्रेटरी टेबलापाशी थांबले. "ये क्या हुआ? ये किसने किया?"

मार्करकाका दारात उभे होते. मी त्यांच्याकडे न बघता म्हणालो, "मार्कर ने इस्त्री फेर दी."

हे वाक्य इतक्या सहज निघालं की ते मी आदल्या दिवसापासून तयार ठेवलं असावं. सेक्रेटरी वळून म्हणाले, "क्या मार्कर, इतने साल में ये सीखे?" मार्करकाकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बॉल कुठे थांबतो ते बघत असत, तसं. मग ते पुढे झाले आणि डागाला लागूनच बॉल त्रिकोणात लावू लागले. आम्ही खेळलो. जेवलो. चहा झाला. ते जिन्यापाशी उभे राहिले आणि पाहुण्यांच्या गाड्या गेल्यावर पिशवी उचलून बसस्टॉपकडे निघाले. मी फाटकापर्यंतही गेलो नाही. बायको गेली.

पुढच्या महिन्यात त्यांच्या पत्राची मुदत संपली. "उमर हो गई है, अब हाथ नहीं रहा," असं सेक्रेटरींनी मलाच फोनवर सांगितलं, जणू मी दुजोरा दिलाच होता. पत्र पुन्हा निघालं नाही. क्लबाची टेबलं बाहेरगावच्या माणसांकडे गेली. त्याच महिन्यात माझी मेंबरशिप मंजूर झाली.

मी खमरियाला गेलो तो थेट जानेवारीत. क्वार्टरच्या पुढ्यात ते उन्हाला खुर्ची टाकून बसले होते. सुनेने दुसरी खुर्ची आणून दिली. मी म्हणालो, "काका, त्या दिवशी मी खोटं बोललो."

"मले माहीत हाये. मी तिथंच होतो ना."

"तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"मी बोललो असतो तर तुमच्या घरी तुमची इज्जत गेली असती, पाहुण्यांसमोर. बरं दिसत नाही ते." मग म्हणाले, "मले वाटलं, तुम्हीच सांगाल. म्हणून जेवणापर्यंत थांबलो. मंग चहापर्यंत थांबलो. मंग माझी बस होती."

मी म्हणालो, काही करता आलं तर सांगा. त्यांनी नोकरी मागितली नाही. "त्या टेबलांवर आता दुसऱ्याचे हात लागले, मी तिथं जाऊन काय करू? फक्त सेक्रेटरी साहेबाले एवढं सांगा, का थो डाग माझा नाही. उमर झाली म्हणून काढलं, चलो, ते ठीक. पण इस्त्री फिरवली म्हणून काढलं, हे नको."

"सांगतो."

"कवा?"

"येत्या रविवारी."

रविवारी मी क्लबात गेलो, सेक्रेटरींबरोबर दोन डाव खेळलो आणि परत आलो. पुढच्याही रविवारी तेच. जीभ उचलत नव्हती असंही म्हणता येणार नाही, कारण बाकी सगळं मी बोलत होतो. होळीच्या आसपास त्यांचा फोन आला. "काय साहेब, तुमच्याकडे रविवार अजून आला नाही का?" आणि हसले. त्या हसण्यात चेष्टा होती, पण आशाही होती. म्हणून त्यानंतर मी त्यांचा फोन उचलायचं बंद केलं. दोनदा वाजला. तिसऱ्यांदा आला नाही.

यंदा पावसाळ्याच्या तोंडाशी ते गेले. मला क्लबात कळलं. सेक्रेटरी क्यूला खडू लावत म्हणाले, "अच्छा आदमी था अपना मार्कर. बस आख़िर में हाथ चूक गया." शेजारी दुसरं कुणी नव्हतं. यापेक्षा सोपी वेळ मला मिळणार नव्हती. मी मान हलवली, आणि माझी पाळी होती म्हणून खेळलो.

घरचं टेबल मी विकलं नाही. त्यावर चादर टाकली आहे. बायको त्या खोलीत पापड वाळवते.

मराठी मंडळाच्या अंकासाठी जुन्या माणसांवर कुणीतरी लिहा, असं या वर्षी आवाहन होतं. मी आपणहून मार्करकाकांचं नाव दिलं. त्यांची सून हा अंक वाचते, सासऱ्याचं नाव निघालं म्हणून घरात मोठ्याने वाचूनही दाखवेल. इस्त्री मी फिरवली होती, हे त्या घराला आता माझ्या हातचं लेखी मिळेल. आपल्या मंडळातल्या शे-दीडशे घरांनाही कळेल. पण काकांनी हे ज्यांना सांगायला सांगितलं होतं त्या सेक्रेटरींना मराठी वाचता येत नाही. लिहायला बसलो तेव्हा ते मी विसरलो नव्हतो.