वाकण्याचे दोन प्रकार

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या एका कम्युनिटी हॉलमध्ये दर शनिवारी सकाळी मी तायक्वांदो शिकायला जायचे. माझं वय बेचाळीस, गुडघ्यांचं त्याहून जास्त. घरापासून हॉलपर्यंत अर्ध्या तासाची पायवाट होती. आठवड्यात स्वतःच्या मनाने चालावं असा तेवढाच रस्ता माझ्याकडे होता.

बाकी सगळं सरांच्या हातात. सर म्हणजे माझ्या सॉफ्टवेअर कंपनीचे मालक, मूळ पुण्याचे. माझा व्हिसा त्यांच्या कंपनीच्या नावावर. नोकरी गेली तर दोन महिन्यांत दुसरी शोधा, नाहीतर गाशा गुंडाळा. कायम राहण्याच्या परवानगीला अजून अकरा महिने होते. वॉटफर्डच्या गणपतीत आरतीचा मान सरांचा असायचा, आणि आरती झाली की आम्ही त्यांच्या कंपनीतले सगळे रांगेने त्यांच्या पाया पडायचो. ऑफिसात साहेब, गणपतीत वडीलधारे. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

तिकडे नागपूरला आई एकेक गोष्ट विसरत चालली होती. भाऊ फोनवर म्हणायचा, "ताई, तुला अजून ओळखते गं. लवकर ये." मी सरांकडे रजा मागायचे. "अगं, आत्ता रिलीज तोंडावर आलंय. नेक्स्ट मंथ बघू ना," ते अगदी मायेने सांगायचे. मी मान खाली घालून "हो सर" म्हणायचे. असे चार महिने गेले.

आमच्या तायक्वांदोच्या शिक्षिका साठीच्या इंग्रज बाई. पूर्वी बस चालवायच्या, आणि तरुणपणी एका कोरियन गुरूंकडे शिकलेल्या. पहिल्या दिवशी मी सवयीने त्यांच्या पायांना हात लावायला गेले, तर बाई दोन पावलं मागे सरून थेट पवित्र्यात!

हॉलच्या भिंतीवर 'दोन हजार वर्षांची कला' असं पोस्टर होतं. बाई हसायच्या. म्हणायच्या, "हे नाव माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाचं असेल." कोरियावर जपानचं राज्य असताना तिथले काही तरुण जपानमध्येच जाऊन कराटे शिकले. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी आपापल्या शाळा काढल्या, लाथांवर भर देऊन त्या विद्येला आपलं वळण दिलं. प्रत्येक शाळेचा गुरू वेगळा, तोरा वेगळा. पुढे बऱ्याच शाळा तायक्वांदो या एका नावाखाली आल्या. 'ताय' म्हणजे पाय, 'क्वां' म्हणजे मूठ, 'दो' म्हणजे मार्ग. मला आपली गाण्यातली घराणी आठवली. त्यांना असं एका नावाखाली बसवून दाखवा!

वर्ग सुटताना आम्ही पाच तत्त्वं मोठ्याने म्हणायचो: शिष्टाचार, सचोटी, चिकाटी, संयम आणि न हरणारं मन. पहिली चार मला घरी लहानपणीच पाजलेली होती. पाचव्याचा विषय आमच्याकडे कुणी काढला नव्हता.

एका शनिवारी जोडीने लढण्याचा सराव होता. माझ्यासमोर पोस्टात काम करणारी एक बाई होती. सुरुवातीला वाकून अभिवादन करतात, तशी मी कमरेत पार वाकले, डोळे जमिनीवर. शिक्षिकाबाईंनी थांबवलं.

"असं वाकायचं ते माझ्यापुढे," त्या म्हणाल्या. "गुरूवर विश्वास असतो, म्हणून डोळे खाली. जिच्याशी लढायचंय तिलाही मान द्यायचा, पण नजर तिच्यावरून काढायची नाही."

मला सरांचा चेहरा आठवला आणि संताप आला. त्यांचा कमी, माझाच जास्त. चार महिने मी भलत्याच माणसापुढे डोळे खाली घालून उभी होते.

सोमवारी त्यांच्या केबिनमध्ये गेले. "सर, मी गुरुवारी नागपूरला चाललेय. दोन आठवडे."

"व्हिसाचा विचार केलायस ना?"

मी त्यांच्यावरून नजर काढली नाही. "केलाय, सर."

ते स्क्रीनकडे वळले. "बरं, ईमेल टाकून ठेव."

संपलं. एवढ्यासाठी चार महिने! दाराला कडी होती की ते नुसतंच लोटलेलं होतं, हे मी हात लावून पाहिलंच नव्हतं.

नागपूरला पोचले तेव्हा आई पलंगावर पाय सोडून बसली होती. इथे सावध राहायचं कारण नव्हतं. मी डोळे मिटून पार खाली वाकले, तिच्या पायांवर डोकं ठेवलं. केसांवरून तिचा हात फिरला.

"कुणाची गं तू?" तिने विचारलं.