परवानगीशिवाय बदललेला आकडा

परवानगी घेऊन चोरी करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. कंपन्यांच्या संगणकांत बाहेरून कुठून शिरता येतं हे शोधायला दोहातले लोक आम्हाला बोलावतात, आम्ही शिरून दाखवतो आणि रिपोर्ट लिहितो. पण आधी सहीचा कागद. कागद नसेल तर तेच काम गुन्हा, आणि इथे गुन्हा म्हणजे नोकरी, व्हिसा, मुलीची शाळा, सगळं एका फटक्यात खलास.

ऑफिसात नव्याने येणाऱ्यांना मी हे घसा कोरडा होईपर्यंत शिकवते. क्लाउडवर नुसता सर्व्हर भाड्याने घेतलाय? मग ते रिकामं घर, आत तुम्ही मांडलेलं सगळं ठोकून बघा. तयार प्लॅटफॉर्म घेतलाय? तो फर्निश्ड फ्लॅट, स्वतः आणलेलं सामान तेवढं तपासा. आणि अख्खं सॉफ्टवेअरच आयतं वापरत असाल, तर तुम्ही हॉटेलात उतरलेले पाहुणे. शेजारच्या खोलीचं दार उघडं असल्याची शंका आली तरी ढकलून बघायचं नाही.

मुलीच्या शाळेचं बसचं अ‍ॅप या तिसऱ्या प्रकारातलं. एका बाहेरच्या कंपनीचं. कितीतरी शाळा त्याच एका सिस्टिमवर. एका दुपारी बसला बराच उशीर झाला, म्हणून मी ऑफिसात लॅपटॉपवर बस कुठवर आलीय ते बघत होते. पानाच्या पत्त्यात शेवटी माझ्या मुलीचा नंबर दिसला. माझ्या हाताने त्यातला शेवटचा आकडा बदलला. हाताने म्हणते खरी, पण हात काय आपणहून चालतो?

समोर दुसऱ्याच मुलाचा फोटो आला. पुढचे दोन दात पडलेला, हसरा. खाली त्याचं नाव, अल दुहैलमधलं घर, सकाळी तो गेटबाहेर कधी उभा असतो ती वेळ, आईचा मोबाइल. कुणाही पालकाला हे दिसू शकत होतं, आणि कुणाही पालकाला माझी मुलगी दिसू शकत होती. मी लॅपटॉप मिटला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. शिवाय मी लॉगिन माझ्याच नावाने केलेलं. त्याची नोंद तिकडे कुठेतरी बसलेली असणार.

नवरा गॅस प्लांटवर इंजिनिअर, परमिटशिवाय नटसुद्धा न फिरवणारा. त्याला सगळं सांगितलं.

"कळवू नकोस," तो म्हणाला. "पहिला प्रश्न येईल, मॅडम, तुम्हाला कसं कळलं? हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"आणि बाकीची पोरं?"

"आधी आपली बघ."

मला त्याचा भयंकर राग आला. तो बोलला ते माझ्या मनात त्याच्या आधीच येऊन गेलं होतं, म्हणून जास्तच.

मग मी सरळ मार्ग धरला. शाळेला लिहिलं, एक पालक म्हणून हे अ‍ॅप फुकट तपासून देते, परवानगी द्या. शाळेतून फोन आला, मॅम, अ‍ॅप आमचं नाही, परवानगी आम्ही कशी देणार? कंपनीला लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की एकाच सिस्टिमवर अनेक ग्राहक असल्याने कुणालाही चाचणी करू देता येत नाही, आमची तपासणी नियमित होते, सर्टिफिकेट सोबत जोडलं आहे. अशी वाक्यं मीच लोकांना लिहून देत आले आहे. नियम चुकीचाही नाही. जो तो उठून ठोकाठोक करू लागला तर सगळ्याच शाळांचं काम बंद पडेल. मला खरं तर कंपनीला एकच वाक्य लिहायचं होतं, की मी आकडा बदलला आणि दुसरं मूल दिसलं. ते माझ्याने लिहिलं गेलं नाही.

मुलीची बस तेवढी बंद केली आणि अ‍ॅपमधून तिची माहिती काढायला लावली. आता आमच्या अल थुमामातल्या घरून रोज सकाळी मीच तिला शाळेत सोडते. "बट आय लाइक द बस, आई," ती अजून कुरकुरते.

समोरच्या घरात माझी मैत्रीण राहते, वसईची, हॉस्पिटलात नर्स. तिचा मुलगा त्याच बसने जातो. परवा पार्किंगमध्ये तिने मला गाठलं.

"काय गं, बस का सोडलीस? त्या अ‍ॅपचं काही आहे का? तू त्याच लाइनमधली, म्हणून विचारते. तसं असेल तर मी उद्याच ह्याला काढते. ड्यूटी बदलून मागेन, पण काढते."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. तिच्या साध्या विचारण्यात मला चौकशी ऐकू आली.

"छे गं," मी म्हणाले, "हिला बस लागते. रोज उलट्या."

"नक्की ना?"

"नक्की."

तिचा चेहरा एकदम सैल झाला. "हुश्श! आठवडाभर डोक्यात किडा वळवळत होता. अजून तिघी जणी माझ्यामुळे थांबल्यात, त्यांनाही सांगून टाकते."

तिथेच उभ्या उभ्या तिने पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला. ग्रुप मी सोडलेला नव्हता, त्यामुळे तो माझ्याही फोनवर वाजला. अ‍ॅप सुरक्षित आहे, या विषयातल्या जाणकार व्यक्तीला विचारून खात्री केली आहे, असं तिने इंग्रजीत लिहिलं होतं. खाली भराभर अंगठे येत होते.

मी फोन पर्समध्ये टाकला आणि तिला म्हटलं, चल, उशीर होतोय.