पिनबॉलच्या फळीवरची हळद

पत्नीला जाऊन आता वर्ष उलटलं. तिच्या वडिलांचं सोलापूरच्या नव्या पेठेत कोल्ड्रिंकचं दुकान होतं. पुढे ते तिनंच चालवलं. मी कॉलेजात शिकवायचो आणि संध्याकाळी दुकानाच्या कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसायचो. शेजारी पिनबॉलचं जुनं मशीन असे. मुंबईचा कुठला तरी क्लब बंद पडला तेव्हा सासऱ्यांनी ते आणलेलं. दांडी ओढून सोडली की लोखंडी गोळी काचेखालच्या उतरत्या फळीवर धावायची, खुंट्यांवर आणि प्लास्टिकच्या छोट्या छत्र्यांवर आपटून दिवे लावायची. ती खाली आली की बटणं दाबून फळीच्या तळाशी बसवलेल्या दोन छोट्या हातांनी तिला परत वर मारायचं. पत्नी यात तरबेज होती. "सर, तुम्ही आपलं वाचा," ती गिऱ्हाइकांसमोर म्हणायची. "तुमची गोळी वर जाते न जाते तोच घरी येते." सगळे मला सर म्हणत, म्हणून तीही.

दर खंडेनवमीला ती काच काढून त्या दोन हातांच्या मधोमध, फळीवरच, हळदीची दोन बोटं ओढायची. काचेवर लाव की, असं मी एकदा सुचवलं होतं.

"काच कुठं काम करते?" ती म्हणाली. "काम फळी करते."

गोळीनं घासून तिथला रंग कधीच उडाला होता. उघडं लाकूड वर्षानुवर्षं हळद पीत गेलं. पुढे दुकान बंद झालं आणि मशीन घरी आलं, जाड चादरीखाली झाकून राहिलं.

या उन्हाळ्यात मुलगी पुण्याहून आली आणि म्हणाली, "बाबा, हे नीट करू या." आम्ही चादर काढली, काच उचलली. फळीवरचं सर्कशीचं चित्र खवल्यांसारखं सुटत चाललं होतं. हळदीची दोन बोटं मात्र काल ओढल्यासारखी होती. हळदीचा रंग उन्हानं उडतो, तो अंधारात टिकला. पत्नीला लिहायचा कंटाळा, फोटो काढून घ्यायचा त्याहून जास्त. तिच्या हाताची खूण म्हणावी अशी घरात ही एवढीच होती. मुलीला म्हटलं, "बाकीचं तू म्हणशील तसं. हे राहायला हवं."

दुकानाची पाटी ज्यांनी रंगवली होती ते पेंटर शहराच्या पूर्व भागात राहतात. घरी तेलुगू बोलतात, आमच्याशी सोलापुरी मराठी. निरोप मिळताच ब्रश घेऊन आले. ते सर्कशीतल्या हत्तीचा उडालेला रंग भरत होते आणि मुलगी साबणाच्या फडक्यानं खालचा मळ पुसत होती. फडकं हळदीवरून गेलं आणि पिवळी बोटं लालभडक झाली.

"वहिनींनी हळद लावली, ताईनं कुंकू केलं की," पेंटर म्हणाले.

मुलगी हसली नाही. फडकं तसंच हातात धरून बसली. मला माझे शर्ट आठवले. आमटी माझ्या शर्टावर सांडायचीच. त्या डागाला साबण लागला की तो असाच लाल व्हायचा, आणि पत्नी पुटपुटत त्यावर लिंबाची फोड फिरवायची. मी स्वयंपाकघरातून लिंबू आणलं. कापसाला रस लावला, तो जवळजवळ कोरडा होईतो पिळला आणि लाल बोटांवर हलकेच टेकवत गेलो. पिवळा रंग परतला. एका बोटाची कड जरा फिकी झाली, तेवढंच.

"बाबा, तुम्हाला हे कसं माहीत?"

"शर्ट माझे होते."

चित्र पूर्ण झालं. पेंटर म्हणाले, "आता स्पिरिट पॉलिशचे दोन हात मारतो. आरसा व्हतोय बघा." लिंबानं मला सावध केलं होतं. प्लायवूडच्या तुकड्यावर हळदीचं बोट ओढून वाळवलं आणि त्यावर आधी मारून दाखवा म्हटलं. ब्रश फिरला तशी हळद पाण्यात रंग सोडावा तशी पसरली.

पेंटरांनी ब्रश डब्यात ठेवला. "न्हाई सर. वहिनी मला वरून शिव्या घालतील."

मग मुलीनं पारदर्शक प्लास्टिकचा जाड पत्रा आणला. फळीवर आधी वर्तमानपत्र अंथरून छत्र्यांच्या, हातांच्या, खुंट्यांच्या जागा गिरवल्या आणि त्याबरहुकूम पत्रा कापून घेतला. तो कुठेही चिकटवला नाही. खुंट्यांच्या स्क्रूंनीच धरून ठेवला. आता गोळी त्या पत्र्यावरून धावते. झिजायचं ते तोच झिजेल आणि खराब झाला तर बदलता येईल. खेळ संपला की वर पुन्हा चादर.

पहिला मान पेंटरांना दिला. त्यांची गोळी बराच वेळ दिवे लावत राहिली. माझी लगेच खाली आली. "वहिनी खोटं बोलत नव्हत्या," ते म्हणाले, आणि कितीतरी महिन्यांनी आम्ही तिघं एकदम हसलो. माणूस गेल्यावर घरात काय उरेल हे आपल्या हातात नसतं. मला दोन बोटं उरली, आणि ती जपायला दोन माणसं धावली. मी कुणाकुणाचे आभार मानू?

परवा खंडेनवमी झाली. मी काच काढली आणि तिच्या बोटांच्या बरोबर वर, पत्र्यावर, हळद ओढली. पेंटर खेळायला आले होते.

"सर, गोळीनं पुसली जाईल की."

"जाऊ दे," मी म्हणालो, आणि काच बसवून त्यांना दांडी ओढायला सांगितली.