मशिदीच्या माहेरची बुधरीबाई

आमच्या गावच्या मशिदीला माहेर आहे. बाहेरचा माणूस हे ऐकून हसतो. हसू द्यावं. त्याच्या गावच्या देवळाला, मशिदीला नुसता पत्ता असेल.

मशिदीसमोरच माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे हे माहेर दरवर्षी येताना मी बघतो. धानाच्या रोवणीच्या आधी आरमोरीकडच्या बसमधून बुधरीबाई उतरते. हातात टोळीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या तेलाचा डबा, कमरेला खोचलेलं फडकं. "जोहार" म्हणते आणि चहा न मागता बाकावर बसते. चहा मिळणार याची तिला खात्रीच असते.

गोष्ट तिच्या पणजोबाची, कोलूची. मशीद बांधताना छप्पर पेलायला चार सागाचे खांब हवे होते आणि तसे सरळसोट साग कोलूच्या वाडीच्या काठावर उभे होते. कोलू म्हणाला, हे मी विकत नाही, आमच्या घरची झाडं आहेत. न्यायचीच असतील तर पोरी म्हणून न्या. मशीदवाले कबूल झाले. बैलगाड्या सजवून आले, कोलूच्या बायकोला लुगडं नेसवलं आणि चारही पोरी सासरी आणल्या. तेव्हापासून दरवर्षी माहेरचं कोणीतरी येऊन खांबांना तेल चोळतं आणि सासरचे त्याला पोटभर जेवू घालून लुगडं देतात. ईदेला शिरखुर्म्याचा डबा बसने जंगलातल्या त्या गावी जातो.

बुधरीबाईला भाऊ नाही. बाप वारला त्या वर्षी तेलाचा डबा घेऊन तीच आली आणि दाराशी थांबली. आत बाई कशी जाईल, यावर लोकांची कुजबुज सुरू झाली. तेव्हा मशिदीचा कारभार बघणारे म्हातारे मुतवल्ली कादरमियाँ म्हणाले, "बापाच्या मागं माहेर पोरगीच चालवते. या, समधीनबाई." दोन नमाजांच्या मधल्या वेळात ती आत गेली. तेव्हापासून सगळं गाव तिला समधीनबाईच म्हणतं, आणि तीही विहिणीच्या तोऱ्यातच वागते. बिर्याणीत मीठ कमी पडलं तर चारचौघांत सांगते.

तीन वर्षांपूर्वी मशीद वाढवायची ठरली. शुक्रवारी माणसं रस्त्यावर बसत होती, त्यामुळे गरज खरीच होती. कमिटीचे अध्यक्ष मुबीनभाऊ स्वतः बांधकामवाले. त्यांनी सगळ्या परवानग्या काढल्या, छप्पर उतरवलं, स्लॅबची तयारी केली. खांब नागपूरच्या एका फर्निचरवाल्याने मागितले होते. त्याचा टेम्पो दारात लागला आणि नेमकी त्याच दिवशी बुधरीबाई बसमधून उतरली.

चारही खांब अंगणात आडवे पडले होते. तिने तेलाचा डबा खाली ठेवला. मला वाटलं, आता रडेल. ती सरळ टेम्पोपुढे जाऊन मांडी घालून बसली.

"कोणाले इचारून काढलं?" तिने विचारलं.

मुबीनभाऊंनी सांगितलं. कमिटीला, वक्फवाल्यांना, नगरपंचायतीला, इंजिनियरला.

"अना माहेरले?"

शंभर माणसांचं जेवण ठरवताना मीठ विसरावं तसे हे लोक विहिणीला विसरले होते.

"समधीनबाई, आता लाकूडच हाय ना ते," मुबीनभाऊ हळूच म्हणाले.

"लाकूड हाय तं दर ईदीले माह्या घरी शिरखुर्मा काऊन धाडतं? सागाच्या फळीले शिरखुर्मा चालते का?"

लहानपणी शिरखुर्म्याचा तो डबा मांडीवर घेऊन बसने जाणारा मुबीनच होता. बुधरीबाईच्या आईने त्याला भाकर खाऊ घालून परत पाठवायचं. ते आठवलं असावं, कारण माणसाचा चेहरा एकदम उतरला. मला त्या क्षणी त्याचा राग आला होता आणि दयाही.

"मग घेऊन जा तुमच्या पोरी," तो म्हणाला. "टेम्पो मीच लावून देतो."

"दिलेली लेक मी वापस नेत नाई, अना तुले इकूबी देत नाई." तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "घर मोठं करून राह्यला, कर. नवा पिल्लर आत उभा कर. पण जुन्या बाईले घराबाहेर काढत नसते बाबू, तिले ओसरी देतेत."

टेम्पो रिकामा नागपूरला गेला. मुबीनभाऊंनी नकाशात समोर ओसरी काढली. खांब थोडे आखूड करावे लागले, तर त्याआधी ते स्वतः जीपने तिच्या गावी गेले आणि विचारून आले. सोबत लुगडं नेलं होतं.

यंदाही बुधरीबाई आली. सोबत तिची नात दिव्या, गडचिरोलीला नर्सिंग शिकणारी. खांब आता ओसरीत आहेत, त्यामुळे नमाज कधी संपते याची वाट बघावी लागत नाही. दोघींनी पदर खोचून तेल चोळलं. येणारे लोक खांबाशी चपला काढत होते, तेलकट हातांना सलाम करत आत जात होते.

मुबीनभाऊंनी थट्टेने विचारलं, "काय समधीनबाई, पोरी सुखात हायेत ना?"

बुधरीबाईने फडकं पिळलं.

"पोरी कायच्या आता? सासवा झाल्या. दारात बसून कोण आलं, कोण नाई आलं, सारं पाह्यतेत." मग दिव्याच्या हातात तेलाचा डबा देत म्हणाली, "पुढच्या साली ही येईन. हिलेबी इचारल्याबिगर खिळा ठोकू नोका."

"नाई ठोकत," मुबीनभाऊ म्हणाले, आणि दिव्याला म्हणाले, "चला समधीनबाई, जेवाले."