मागून दोन, पुढून एक

सायकलच्या मडगार्डमध्ये काळी माती कधी साचते, कळतही नाही. चाक अडलं की मग काडी घेऊन बसायचं. आमच्या सायकल-गँगचे किस्सेही असेच साचलेत. मला बोलायला जमत नाही, म्हणून लिहून काढते.

गँग म्हणजे आम्ही तिघी, एकाच वर्गातल्या. गावापासून हुमनाबादच्या शाळेपर्यंत सगळ्यांत पुढे सुजाता, मध्ये भाग्यश्री, शेवटी मी.

*

समोरून वारा आला की सायकल सरकत नाही. त्या वाऱ्याला आम्ही ‘सासू’ म्हणतो. एकदा वळणावर भाग्यश्री जोरात ओरडली, "सासू आली गं!"

बांधावर जेवत बसलेल्या नव्या नवरीनं हातातला घास टाकून आधी डोक्यावर पदर घेतला!

*

चाक डुगडुगायला लागलं की ‘आऊट’ आला म्हणायचं. आऊट काढतात इस्माईलचाचा. सुजाता त्यांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात तासन्‌तास उभी राहायची. चाकाच्या तारा बोटानं वाजवायची आणि कुठली सैल आहे ते सांगायची. एकदा चाचा म्हणाले, ही ठीक आहे. ती म्हणाली, "न्हाई." चाचांनी तार आवळली, चाक फिरवलं. एकदम सरळ!

"तेरे कान हैं की क्या हैं गे, बेटी?"

"मग दुकान तिलाच द्या की, चाचा!" भाग्यश्री म्हणाली.

"दसवीं होने दे. ये स्टूल इसकाइच है."

सुजाता लाजली नाही. लगेच स्टूलावर बसून बघितलं!

*

हायवे ओलांडायचा नियम सुजातानं केला होता. शेवटचीनं दोनदा बेल वाजवायची, म्हणजे सगळ्या आल्या. पुढचीनं एकदा वाजवायची, म्हणजे चला. पुढचीनं मागं बघायचं नाही, नजर लॉऱ्यांवर.

एकदा माझी बेल तुटली. ओरडायची मला लाज वाटली. सुजाता थांबून राहिली, मीही थांबून राहिले. लॉऱ्या गेल्या, रस्ता रिकामा झाला, परत लॉऱ्या आल्या!

उशीर झाला म्हणून वर्गाबाहेर उभं राहिल्यावर भाग्यश्री चिडली, "तुला तोंड न्हाई व्हय गं?"

संध्याकाळी सुजातानं आपली बेल काढून माझ्या हँडलला बसवली.

"आन् तुला?" मी विचारलं.

"मला तोंड हाय की!"

तेव्हापासून पुढून तिचा आवाज यायचा, "ट्रिंग!"

*

नववी संपली आणि सुजाताच्या अप्पांना पुण्यात काम मिळालं. तिची सायकल आमच्या अंगणात आहे. दर रविवारी मी तिच्यात हवा भरते.

"कुणी बसत न्हाई, मग हवा कामून भरायलीस?" भाग्यश्रीनं विचारलं.

"हवा गेली की टायर चिरतंय."

हे चाचांनी शिकवलंय. परवा भाग्यश्री त्यांच्या स्टूलावर टेकली तर चाचा म्हणाले, "उसपे नक्को बैठ गे!"

हायवेला आता पुढे भाग्यश्री असते. मी दोनदा बेल वाजवते. ती मागं वळून म्हणते, "आलीस न्हवं? चल की!"

*

रविवारी सुजाताचा फोन आला.

"बोल की गं," ती म्हणाली.

मी फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"ऐकायलीस ना? का ठेवू?"

मी फोन घेऊन अंगणात गेले. माझ्या सायकलची बेल दोनदा वाजवली.

पलीकडून गाड्या गेल्याचा आवाज आला.

मग ती म्हणाली, "ट्रिंग!"