यल्लव्वा आत्तीचा गंधक

माणसाच्या तोंडाला कोण गंधकाचा धूर देतं का हो? ढेकणांना देतात, उंदराच्या बिळात देतात. आमच्या आत्तीनं माझ्या तोंडाला दिला. बेळगावच्या शहापुरात अजून कुणाला सांगितलं तर माणसं आधी हसतात, मग माझ्या डाव्या डोळ्याकडं बघतात आणि गप्प बसतात.

आत्ती म्हणजे माझ्या आप्पांची थोरली बहीण, यल्लव्वा. लग्न होऊन दोन वर्षं झाली नाहीत तोवर नवरा गेला आणि ती माघारी आली. मूलबाळ नाही. मानमोडी तापाच्या साथीत माझी आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. तिथून पुढं मला न्हाऊमाखू घातलं ते आत्तीनंच. तोंडाची लई फटकळ. "खा गं भवाने," म्हणत भाकरी वाढायची आणि त्या भाकरीवर स्वतःच्या वाटणीचं लोणी घालायची.

आप्पांचा माग होता, आणि रेशीम पांढरं करायचं काम आत्तीकडं. कोरं रेशीम पिवळट असतं. ते साबणाच्या पाण्यात उकळायचं, पिळायचं आणि ओलं असतानाच आडव्या काठीला टांगायचं. मग वरून भलंमोठं डालगं पालथं घालायचं. कोंबड्या झाकायला असतं तसलंच, पण हे चांगलं कमरेएवढं उंच. आत खापरात गंधक पेटवायचा आणि डालग्यावर ओली वाकळ टाकायची. सकाळी झाकलेलं रेशीम सांजेला उघडलं की पांढरंशुभ्र. अख्ख्या गल्लीत आत्तीसारखा हात कुणाचा नव्हता. "धूर ओल्यावरच बसतोय, कोरड्यावर न्हाय," हे तिनं मला हजारदा सांगितलं असेल. हे तेवढं ध्यानात ठेवा.

एकोणतीस सालची गोष्ट. मला सतरावं सरून गेलं होतं आणि तोंडभर मुरुम. बारीक पुटकुळ्या नव्हेत, चांगले ठसठसणारे, पू धरलेले. दोन स्थळं बघून परत गेली होती. एका पाहुणीनं तर माझ्यासमोरच विचारलं, "देवी आल्या होत्या काय हिला?" आत्तीनं तिच्या हातातली चहाची बशी काढून घेतली आणि म्हणाली, "देवी न्हाय, वयात आलीया पोर. निघा आता."

पण आतून ती पार हादरली होती. तिसरं स्थळ निपाणीचं, घर चांगलं. पुढच्या रविवारी बघायला येणार म्हणून निरोप आला. मध्ये नऊ दिवस. आत्तीनं मला दवाखान्यात नेलं.

दवाखान्यात भरमा कंपौंडर होता. डॉक्टरांनी लिहून दिलं आणि भरमानं एका टिनाच्या डबीत पिवळं मलम भरून दिलं. माणूस शिस्तीचा. आत्तीला समोर बसवून त्यानं सांगितलं, "रात्री तोंड कोमट पाण्यानं धुवायचं, टिपून कोरडं करायचं आणि मग हे लावायचं. अख्ख्या तोंडाला मसुरीच्या डाळीएवढं बास. त्याच्या आधी तीन दिवस नुसतं कानामागं लावून बघायचं. आग झाली, चट्टा उठला तर बंद करून माझ्याकडं यायचं. डोळ्याजवळ न्यायचं न्हाई, ओठाला लावायचं न्हाई. मुरुम फोडायचा न्हाई. वरून लिंबू, चुना, आणखी कुणाचं औषध, काही थापायचं न्हाई."

"किती दिसांत जाईल?"

"दीड-दोन महिने धरा."

"महिने?" आत्ती ओरडलीच. "रविवारी पावनं येत्यात वो!"

"पावनं येत्यात म्हणून कातडी घाई करत न्हाई, बाई. जास्त लावलं म्हणून लवकर बरं होत न्हाई, उलट सोलवटतं."

वाटेत आत्तीनं डबी उघडून वास घेतला आणि तिथंच थांबली. "अगं इंदे, ह्यो तर आपला गंधक! घरात डबाभर पडलाय आणि हा मेला मसुरीएवढा मोजून देतोय!"

त्या क्षणी मीही हसले. खरं सांगते, मलाही पटलं. लहानपणापासून बघत आले होते ना. पिवळं आत जातं आणि पांढरं बाहेर येतं. दीड महिन्याचं काम आमच्या घरात एका दिवसात होत होतं. त्या दिवसांत कुणी माझं तोंड चुलीत घालून बरं होईल म्हटलं असतं तरी मी घातलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा सूत आणायला गेले. आत्तीनं रेशमाच्या जागी मला बसवलं. डोळ्यांवर ओलं फडकं बांधलं. आणि तोंड? तोंड तिनं चांगलं भिजवलं, दोनदा, ओंजळी भरभरून. धूर ओल्यावरच बसतो ना! "डोळं गच्च मीट. शंभर आकडं म्हण. तवर काढतो तुला." एवढं बोलून तिनं खापरातला गंधक पेटवला, डालगं पालथं घातलं आणि वरून वाकळ टाकली.

मी नऊपर्यंत गेले.

दहावा आकडा तोंडात आलाच नाही. घशात कुणीतरी हात घालून पिळल्यागत झालं. मी फडकं ओढलं, कारण त्याच्याखालीच आग पेटली होती, आणि तिथंच चुकले. डोळे उघडले. मी डालगं उचलायला गेले तर ते उचलेना. आत्ती वरून दाबून धरत होती हो! "सोस गं, सोस! मुरुम जळत्यात ते!" असं ओरडत होती. मी लाथ मारून डालगं उलथलं आणि अंगणात लोळले. माझ्या गळ्यातून निघणारा आवाज माझा आहे हे मला कळत नव्हतं.

शेजारच्यांनी भरमाला बोलावून आणलं. त्यानं आधी पाणी मागितलं. घागरीवर घागरी माझ्या डोळ्यांवर ओतत राहिला आणि तोंडानं आत्तीला शिव्या घालत राहिला. "ओल्या कातडीवर त्यो धूर बसला की त्याचं तेजाब हुतंय, बाई! तेजाब केलंसा तुम्ही पोरीच्या डोळ्यांत!"

आत्ती नुसती उभी. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "रेशमाला कधी काय झालं न्हाय वो. रेशमाला कधी काय झालं न्हाय."

"रेशीम मेलेल्या किड्याचं असतंय," भरमा म्हणाला. "ही जित्ती पोर हाय."

अकरा दिवस मी बेळगावच्या दवाखान्यात डोळे बांधून पडले होते. परत दिसेल की नाही ते कुणी सांगत नव्हतं. तोंडाची साल निघत होती, पण तोंडाची पर्वा आता कुणाला? निपाणीच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून निरोप गेला. अकराव्या दिवशी पट्टी काढली. उजव्या डोळ्याला पहिल्यांदा दिसली ती आत्ती, खाटेच्या पायाशी उकिडवी बसलेली. डाव्यापुढं धुकं. डाव्यात फूल पडलं होतं, ते आजतागायत आहे.

मी म्हटलं, "हिला माझ्यासमोरनं काढा."

ती उठून गेली. तिथून पुढं सतरा वर्षं मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही.

गंमत ऐका. सहा महिन्यांनी कातडी पुरती भरून आल्यावर भरमानं मला तीच डबी पुन्हा दिली. मी हातच लावेना. त्यानं समजावलं, मग कानामागं लावून बघितलं, मग मसुरीएवढं, एक रात्र सोडून एक रात्र. दोन महिन्यांत मुरुम बसले. तोच गंधक, तीच डबी! धीर तेवढा कमी पडला होता आणि त्याच्यापायी माझा डोळा गेला. दीड वर्षानं आमच्याच गल्लीतल्या यमनाप्पानं मागणी घातली, एक डोळा बघून सुद्धा. घर तीन दारं सोडून. म्हणजे आत्ती रोज माझ्या दारावरून जायची आणि मी रोज तोंड फिरवायची.

तिचं पुढचं जे कळलं ते लोकांकडून. ते डालगं तिनं त्याच सांजेला कोयत्यानं फोडून चुलीत घातलं. आप्पांचं रेशीम बाहेरून पांढरं होऊन यायला लागलं. ती दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसायची. भरमा हाकलायचा, ती दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. शेवटी तो कंटाळून बोलायला लागला आणि ही शिकत गेली. अक्षर येत नव्हतं, सगळं डोक्यात. गल्लीतल्या कुठल्या पोरीच्या तोंडावर मुरुम दिसला की ही तिला धरून भरमाकडं न्यायची. पदराच्या गाठीत मसुरीचे चार दाणे. "एवढं. ह्याच्या वर लावलंस तर टाळकं फोडीन."

एकदा जत्रेतनं एक फेरीवाला आला, पांढरी पूड विकत. म्हणे, सात दिवसांत मुरुम जातो, तोंड गोरं होतं. पोरींनी गराडा घातला. आत्तीनं पुडी घेतली आणि पोरींना म्हणाली, सांजेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. सांजेला तिनं सगळ्या पोरींच्या पुड्या हिसकून गटारात ओतल्या आणि त्या फेरीवाल्याला चपलेनं वेशीपर्यंत हाणत नेलं. भरमानं पुडी बघून कपाळाला हात लावला. रसकापूर होता, विषच. आत्तीला कसं कळलं, ते कुणी विचारलं नाही. मी तर नाहीच. मी घरात बसून म्हटलं, शंभर उंदीर खाऊन मांजर काशीला निघालं.

गेल्या वर्षीची गोष्ट. माझी लेक अंबू चौदाची झाली आणि तिच्या कपाळावर, गालावर माझेच मुरुम उगवले. मी रोज बघत होते. एक दिवस तिच्या कपड्यांच्या घडीत एक टिनाची डबी सापडली. उघडली. गंधक!

इतक्या वर्षांनी तो वास नाकात गेला आणि मी अंबूला हाक मारली. "कुणी दिलं गं?"

अंबू घाबरली. "यल्लव्वा आज्जीनं."

"कुठं कुठं लावलंस? डोळं दाखव! डोळं दाखव म्हणते ना!"

"लावलंच न्हाई गं आई. तीन दिस थांब म्हणली आज्जी."

पुढचं मी ऐकलंच नाही. अनवाणी निघाले. माझा एक डोळा खाल्लास तेवढा पुरे झाला नाही काय, आता माझ्या लेकीचे घ्यायला आलीस! डोक्यात एवढंच. आत्ती दारात उन्हाला बसली होती, नुकतीच न्हाऊन. पांढरे केस मोकळे, ओले. मी सरळ जाऊन तिचे केस मुठीत धरले आणि मान मागं ओढली. सत्तरीला टेकलेली बाई हो ती! माझ्याच हाताची मला आज लाज वाटते.

तिनं मान तशीच सैल सोडली. आणि मला तिच्या कानामागची कातडी दिसली.

तिथं जागाच राहिली नव्हती. काळे डाग, तांबूस डाग, एका ठिकाणी खड्डा पडलेला, बोटाचं टोक बसेल एवढा. दुसऱ्या कानामागं तसंच. आणि डाव्या कानाच्या अगदी मुळाशी, न्हाऊन आल्यावर नव्यानं लावलेलं, मसुरीएवढं पिवळं मलम.

माझी मूठ सुटली. "हे काय गं? हे काय करून घेतलंस?"

इतक्या वर्षांत तिच्याशी बोललेले ते पहिले शब्द.

"लावून बघतोय," ती म्हणाली. "अंबूच्या डबीतलंच हाय, जरासं काढून ठेवलेलं. आज दुसरा दिस."

"अगं येडे! ज्याचं त्यानं लावून बघायचं असतंय! तुझ्या कातडीला सोसलं म्हणून तिच्या कातडीला सोसल व्हय?"

"ठावं हाय की. भरमानं धा डाव सांगितलंय. पोरी आपल्या कानामागं लावत्यातच, त्याशिवाय तोंडाला लावू देत न्हाय मी." तिनं केस पुढं घेऊन कान झाकला. "पर आधी माझं. त्यो पांढऱ्या पुडीचा खड्डा बघितलास न्हवं? त्यो कुणाच्या तरी पोरीच्या गालावर पडला असता."

मग ती म्हणाली, माझ्याकडं न बघता.

"तुझ्या येळंला आधी माझं मुंडकं घालायला पायजे हुतं त्या डालग्याखाली. न्हाय सुचलं गं मला, इंदे."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. गल्लीतनं माणसं जात होती आणि आम्हा दोघींना एका पायरीवर बघून थबकत होती. मी तिचे केस मागं सारले आणि उजवा डोळा जवळ नेऊन ते पिवळं नीट बघितलं.

"आग हुतीया?"

"न्हाय."

"खाज?"

"न्हाय."

"मग परवा घरी ये," मी म्हटलं. "अंबूच्या कानामागं तूच लाव. मला एका डोळ्यानं मसुरीचा अंदाज येत न्हाई."